प्रकरणांना नावं द्यावीत का? स्क्रिव्हनर ३ कादंबरीकाराच्या नजरेतून

कादंबरीतल्या प्रकरणांना नावं द्यावीत की नुसते आकडे पुरेत, हा वाद लिहिणाऱ्यांमध्ये नेहमीचा आहे. तो मिटत नाही, कारण वाद घालणारे दोन वेगळ्या नावांबद्दल बोलत असतात. एक नाव लेखकाला लिहिताना लागतं: या प्रकरणात काय घडतं, कोणाच्या तोंडून घडतं, ते कुठे बसतं, हे एका दृष्टिक्षेपात कळावं म्हणून. दुसरं नाव वाचकासाठी छापलं जातं. पहिलं प्रत्येक प्रकरणाला हवंच. दुसरं ज्या कादंबरीला पेलतं तिलाच द्यावं. ही दोन नावं एकाच ओळीत कोंबली की लेखकाच्या सोयीचं नाव छापलं जातं आणि वाचकाला पुढचं सगळं आधीच कळतं. किंवा मग छापायला शोभेल असं नाव सुचत नाही म्हणून प्रकरण महिनोन्‌महिने बिननावाचं पडून राहतं आणि हस्तलिखितात हरवतं.

म्हणून लेखनाचं सॉफ्टवेअर निवडताना आमचा पहिला प्रश्न असतो की ही दोन नावं वेगळी ठेवता येतात का. स्क्रिव्हनर ३ मध्ये येतात. थोडी खटपट आहे आणि देवनागरीत लिहिणाऱ्याला दोन-तीन ठिकाणी अडायला होतं, पण येतात. हे परीक्षण तेवढ्याच अंगानं आहे. संदर्भ साठवणं, शब्दसंख्येचं टार्गेट लावणं, पूर्ण पडद्यावर लिहिणं या गोष्टी इथे बाजूला ठेवल्या आहेत.

आधी थोडक्यात ओळख. स्क्रिव्हनर 'लिटरेचर अँड लॅटे' या कंपनीचं. कीथ ब्लाउंट यांनी ते स्वतःच्या लेखनाच्या गरजेतून बांधलं आणि मॅकसाठी २००७ मध्ये बाजारात आणलं. तिसरी आवृत्ती मॅकवर २०१७ मध्ये आली आणि विंडोजवर २०२१ मध्ये. आयफोन-आयपॅडसाठी वेगळं अ‍ॅप आहे, अँड्रॉइडसाठी नाही. पैसे एकदाच भरायचे, महिन्याची वर्गणी नाही. मात्र मॅक आणि विंडोजचे परवाने वेगवेगळे घ्यावे लागतात. चाचणी तीस दिवसांची आहे आणि दिवस मोजले जातात ते प्रत्यक्ष वापराचे. आठवड्यातून दोनदाच उघडलंत तर चाचणी साडेतीन महिने पुरते. कादंबरी लिहिणाऱ्याला सॉफ्टवेअर पारखायला इतका वेळ खरंच लागतो.

कामाचं नाव राहतं बाइंडरमध्ये. बाइंडर म्हणजे डावीकडचा उभा पट्टा, त्यात फोल्डर आणि मजकुराचे तुकडे एकाखाली एक दिसतात. साधारण रचना अशी की प्रकरण म्हणजे फोल्डर आणि त्यातले प्रसंग म्हणजे मजकुराचे तुकडे. नाव बदलायला विंडोजवर एफ२ दाबायचं, मॅकवर एस्केप. इथे लोक एक चूक हमखास करतात. 'प्रकरण १', 'प्रकरण २' अशी नावं देऊन मोकळे होतात. मग पाचवं उचलून दुसऱ्याच्या आधी ठेवलं की सगळे आकडे खोटे ठरतात. आकडा बाइंडरमध्ये लिहायचाच नाही, छापील प्रत बाहेर काढताना तो सॉफ्टवेअरला घालू द्यावा. बाइंडरमधलं नाव क्रियापदासकट, सरळ आणि रोखठोक हवं. समजा, बंद पडलेल्या छापखान्यावरून तीन भावंडांत तेढ आहे, अशी कादंबरी आहे. त्यातल्या एका प्रकरणाचं कामाचं नाव: 'थोरली सही करते, धाकट्याला पत्ता नाही'. 'विश्वासघात' हे कामाचं नाव नव्हे. चार महिन्यांनी त्या शब्दावरून कोणी कोणाचा, कशात आणि कधी हे काहीच आठवत नाही, आणि त्या कादंबरीत विश्वासघात एकच असेल असंही नाही.

निवेदक बदलत असेल तर नावाच्या सुरुवातीला निवेदकाचं एक अक्षर टाकावं: 'थ', 'म', 'धा'. पट्टा वरून खाली नुसता चाळला तरी मधल्या भावाला सलग सात प्रकरणं आवाजच मिळाला नाही हे दिसून येतं. रंगीत लेबल लावूनही हे साधतं, पण लेबलं वेळ, जागा किंवा मसुद्याची अवस्था दाखवायला मोकळी ठेवलेली बरी.

कामाची नावं नीट असली की एक छुपा दोष आपोआप उघडा पडतो. ज्या प्रकरणाला क्रियापदवालं नाव देताच येत नाही, त्यात बहुधा काही घडतच नाही. 'थोरली खिडकीत बसून विचार करते' असं लिहावं लागलं तर ते प्रकरण शेजारच्यात मिसळण्याच्या लायकीचं आहे का, हे तिथेच तपासावं. दोन तुकडे जोडायला मर्ज आहे, तोडायला स्प्लिट आहे, त्यामुळे हा प्रयोग मिनिटभराचा.

आता छापायच्या नावाकडे येऊ. आमचं मत असं की नाव तेव्हाच छापावं जेव्हा ते वाचकासाठी असं काही काम करतं जे मजकुरातून होत नाही किंवा फार अवघडून होतं. असं काम तीन-चार प्रकारचं असतं.

सगळ्यात उघड काम म्हणजे बोलणारा कोण हे सांगणं. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं आपली बाजू मांडतात आणि निवेदक बदलला की त्याचं नाव मथळ्यात येतं. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, श्रीकृष्ण असे निवेदक आहेत आणि तिथेही तीच रीत. हे मथळे काढले तर प्रत्येक वळणावर पहिल्या दोन परिच्छेदांत 'मी कोण' हे पात्राच्या तोंडी कृत्रिमपणे घालावं लागेल. प्रथमपुरुषी निवेदक दोनपेक्षा जास्त असतील तर नाव छापा, यात फार विचार करण्यासारखं काही नाही. काळ मागेपुढे उडत असेल तर हेच काम साल किंवा ऋतू करतो. मात्र सालं देणार असाल तर प्रत्येक प्रकरणाला द्या. मध्येच एका प्रकरणावर साल नसेल तर वाचक त्यात गूढ शोधत बसतो.

दुसरं काम सुराचं. स्पॅनिश लेखक सर्वान्तेसच्या 'डॉन किहोटे'मध्ये (पहिला भाग, १६०५) मथळे लांबलचक आहेत. 'अमुक घडलं त्याबद्दल आणि ऐकण्याजोग्या इतर गोष्टींबद्दल' अशी त्यांची धाटणी. ते घटना सांगून टाकतात, तरी मजा जात नाही, कारण तिथे काय घडतं यापेक्षा कसं सांगितलं जातं याला महत्त्व आहे. निवेदकाचा स्वर मथळ्यातच ऐकू येतो. मिश्कील, वाचकाशी थेट बोलणारा निवेदक असेल तर असे मथळे आजही शोभतात. रहस्य हळूहळू उलगडणाऱ्या किंवा निवेदक अदृश्य ठेवणाऱ्या कादंबरीला ते घातक.

याच पुस्तकात नाव आणि मजकूर यांची फारकत कशी होते याचा नमुनाही आहे. पहिल्या भागातल्या दहाव्या प्रकरणाच्या मूळ मथळ्यात बास्क माणसाशी पुढे काय झालं ते आणि यांग्वास गावच्या लोकांच्या तावडीत सापडण्याचा धोका, असा ऐवज सांगितला आहे. पण बास्क माणसाशी झुंज आधीच्या प्रकरणात संपलेली असते आणि यांग्वासचे लोक भेटतात ते थेट पंधराव्या प्रकरणात. मजकूर हलला, मथळा जागेवरच राहिला, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. स्क्रिव्हनरमध्ये प्रकरणं उचलून इकडेतिकडे ठेवणं इतकं सोपं आहे की हा अपघात तिथे जास्त संभवतो. फोल्डर हलवला तर नाव सोबत जातं, पण फोल्डरमधला प्रसंग काढून दुसऱ्या फोल्डरात टाकला की नाव मागे उरतं. प्रसंग हलवला की दोन्ही फोल्डरांची नावं त्याच बैठकीत वाचून घ्यावीत.

तिसरं काम सगळ्यात नाजूक: प्रकरण वाचून झाल्यावर अर्थ बदलणारं नाव. वरच्या उदाहरणातल्या प्रकरणाला छापायला 'कागद' हे नाव देता येईल. वाचायला घेताना वाटतं, छापखान्याची गोष्ट आहे, कागदाचे रीम असतील. प्रकरण संपतं तेव्हा कळतं की कागद म्हणजे सहीचा दस्त. अशी नावं नामच असतात, एका-दोन शब्दांची, त्या प्रकरणात प्रत्यक्ष दिसणाऱ्या वस्तूची. 'दस्त' म्हटलं असतं तर फुटलं असतं, 'फसवणूक' म्हटलं असतं तर वाचायचं काय उरलं? आणि 'मनाचे धागे' किंवा 'वळणावर' ही नावं कुठल्याही कादंबरीच्या कुठल्याही प्रकरणाला चिकटतील, म्हणजे ती कोणाचीच नाहीत.

यातलं एकही काम होत नसेल तर आकडा लावावा. आकड्यात कमीपणा नाही. वेगानं पुढे सरकणाऱ्या, लहान प्रकरणांच्या कादंबरीत नाव म्हणजे दर दोन पानांनी थांबा. साठ प्रकरणं असतील तर साठ चांगली नावं सुचतही नाहीत. विसाव्यानंतर दमछाक सुरू होते आणि ती वाचकाला दिसते. अशा वेळी कादंबरीचे चार-पाच भाग पाडून फक्त भागांना नावं देणं आणि आतल्या प्रकरणांना आकडे देणं हा उत्तम तोडगा आहे. अर्धवट मात्र करू नये. पहिल्या दहा प्रकरणांना नावं आणि पुढे नुसते आकडे, असं झालं की लेखक कंटाळला असंच वाचणाऱ्याला वाटतं.

नावं पारखायची आमची पद्धत स्क्रिव्हनरच्या आउटलायनरमध्ये, म्हणजे सगळे तुकडे तक्त्यासारखे एकाखाली एक दाखवणाऱ्या दृश्यात, चांगली बसते. सगळी कादंबरी आउटलायनरमध्ये उघडा, शीर्षक सोडून बाकीचे सगळे स्तंभ बंद करा, सारांशही लपवा, फोल्डर मिटवून घ्या. उरते ती फक्त नावांची यादी. ही यादी कादंबरी न वाचलेल्या माणसाच्या हाती द्या आणि विचारा, काय होईल असं वाटतं? शेवट ओळखता आला तर शेवटच्या तीन-चार नावांना हात घालावा लागेल. कंटाळा आला तर नावं एकाच साच्याची झाली आहेत. सगळी एकशब्दी भाववाचक नामं, किंवा सगळी 'अमक्याचं तमकं'. ही पारख अनाठायी वाटेल, पण ई-पुस्तकाची अनुक्रमणिका वाचकाला एका स्पर्शावर उघडते. कादंबरी घेण्याआधीच्या नमुना-पानांतही ती बहुतेकदा असते. नावं एकेक करून वाचली जातील हे गृहीतकच आता चुकीचं आहे.

आता दोन नावं वेगळी ठेवायची ती कशी, ते बघू. स्क्रिव्हनरमध्ये कस्टम मेटाडेटा नावाची सोय आहे: प्रत्येक तुकड्याला स्वतःचं एखादं जादा खण जोडता येतं. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये कस्टम मेटाडेटात जाऊन मजकूर प्रकारचं एक खण तयार करा. खणाचं नाव रोमन लिपीत, एकाच शब्दाचं, छोट्या अक्षरांत ठेवा, उदाहरणार्थ 'प्रिंट' या शब्दाचं रोमन रूप. खणात भरायचा मजकूर देवनागरीत असला तरी चालतो, पण खणाचं नाव पुढे एका खुणेत टाइप करायचं असतं, म्हणजे प्रत बाहेर काढताना जिच्या जागी खणातला मजकूर येतो अशा संकेतात. ते साधं असलं की निम्म्या अडचणी टळतात. मग प्रत्येक प्रकरणाच्या फोल्डरवर उजवीकडच्या पट्ट्यात, म्हणजे इन्स्पेक्टरमध्ये, मेटाडेटाच्या टॅबवर हे खण दिसेल, तिथे छापायचं नाव लिहायचं. बाइंडरमध्ये 'थोरली सही करते, धाकट्याला पत्ता नाही' तसंच राहतं आणि खणात 'कागद'. हाच स्तंभ आउटलायनरमध्येही घेता येतो. दोन्ही नावं शेजारीशेजारी दिसली की कुठलं छापील नाव आपल्या प्रकरणापासून सुटलं आहे ते डोळ्यांना लगेच टोचतं.

छापील प्रत किंवा ई-पुस्तक बाहेर काढण्याच्या कामाला इथे कम्पाइल म्हणतात, आणि नवखे लोक सॉफ्टवेअर सोडून देतात ते याच खिडकीत. समजून घेण्यासारख्या गोष्टी दोनच. प्रत्येक तुकड्याला एक सेक्शन टाइप असतो, म्हणजे हा तुकडा काय आहे: भाग, प्रकरण की प्रसंग. आणि प्रत्येक सेक्शन टाइपला कम्पाइल करताना एक सेक्शन लेआउट नेमायचा असतो, म्हणजे तो कागदावर कसा दिसेल. टाइप ठरतो प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये, बाइंडरमधल्या पातळीनुसार. लेआउट ठरतो कम्पाइलच्या खिडकीत, 'असाइन सेक्शन लेआउट्स' या बटणामागे. एखाद्या प्रकरणाचं नाव छापून येत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा तो फोल्डर चुकीच्या पातळीवर पडलेला असतो आणि सॉफ्टवेअर त्याला भाग किंवा प्रसंग समजत असतं.

कम्पाइलचे तयार फॉरमॅट, म्हणजे मांडणीचे साचे, थेट बदलता येत नाहीत, आधी त्यांची नक्कल करून ती संपादित करावी लागते. नक्कल उघडली की प्रकरणाच्या लेआउटमध्ये वरच्या बाजूला शीर्षक, मेटाडेटा, सारांश, टिपा, मजकूर असे चौकोन दिसतात. इथे शीर्षकाच्या चौकोनातली टिक काढून टाका, म्हणजे बाइंडरमधलं कामाचं नाव छापलं जाणार नाही. मग शीर्षकाआधी येणाऱ्या मजकुराच्या जागेत, म्हणजे टायटल प्रीफिक्समध्ये, दोन ओळी लिहा. पहिलीत 'प्रकरण' हा शब्द आणि पुढे आकड्याची खूण: कोनी कंसात डॉलरचं चिन्ह आणि रोमन छोटा 'एन'. दुसरीत कस्टम खणाची खूण: कोनी कंसात डॉलर, 'कस्टम' हा शब्द रोमनमध्ये, अपूर्णविराम आणि खणाचं नाव. शीर्षकाची टिक काढून टाकली तरी प्रीफिक्स छापलं जातं, त्यामुळे कागदावर आकडा आणि 'कागद' एवढंच उतरतं.

काय बिघडतं, तेही सांगायला हवं.

कादंबरीच्या तयार साच्यांत प्रीफिक्समध्ये इंग्रजीतला 'चॅप्टर' आणि शब्दांत आकडा देणारी खूण असते. ती तशीच ठेवली तर मराठी कादंबरीत 'चॅप्टर वन' इंग्रजीत छापून येतं. वर सांगितलेली 'एन'ची खूण आकडा देते, पण रोमन लिपीतल्या पुस्तकात असतो तसा, म्हणजे 1, 2, 3. देवनागरी अंक हवेत असतील आणि प्रकरणं वीस-पंचवीसच असतील, तर सगळ्यात खात्रीचा मार्ग हातचा. क्रम अंतिम झाल्यावर कस्टम खणातच '७. कागद' असं लिहायचं आणि आपोआप आकडा देणारी ओळ काढून टाकायची. क्रम पक्का होण्याआधी हे करू नये, नाहीतर बाइंडरमध्ये आकडे लिहिण्याचाच दोष इथे येतो.

काही प्रकरणांना नाव आणि काहींना नुसता आकडा, अशी रचना मुद्दाम केली असेल तर रिकाम्या खणामुळे शीर्षकाखाली मोकळी ओळ उरते आणि मजकूर बाकीच्या प्रकरणांपेक्षा खाली सरकतो. यावर उपाय दोन सेक्शन टाइप करण्याचा: 'नाव असलेलं प्रकरण' आणि 'आकड्याचं प्रकरण'. दोघांना वेगळे लेआउट.

नाव दोनदा छापलं जाणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. वर्डमधून आणलेल्या मजकुरात पहिल्या ओळीत प्रकरणाचं नाव असतं, बाइंडरमध्येही तेच आलेलं असतं आणि लेआउट ते पुन्हा छापतो. मजकुरातली ओळ काढून टाकणं हाच उपाय. जुनं हस्तलिखित आणताना 'इम्पोर्ट अँड स्प्लिट' वापरा. वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना हेडिंग स्टाइल लावलेली असेल तर त्याच आधारानं तुकडे पडतात. नुसती ठळक आणि मोठी केलेली ओळ म्हणजे हेडिंग नव्हे, ती सॉफ्टवेअरला दिसत नाही. तशा वेळी प्रत्येक प्रकरणाआधी स्वतंत्र ओळीवर एखादी खूण, उदाहरणार्थ हॅशचं चिन्ह, टाकून तिच्यावर तोडायला सांगावं.

भाग बदलला की प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू व्हावेत की पुढे चालू राहावेत हाही निर्णय असतो. आपोआप ते पुढे चालू राहतात आणि बहुतेक कादंबऱ्यांना तेच योग्य. पुन्हा एकपासून हवे असतील तर क्रमांक परत सुरू करणारी खूण भागाच्या प्रीफिक्समध्ये घालावी लागते.

देवनागरीच्या मांडणीबद्दल थोडं सविस्तर, कारण तयार साचे रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनलेले असतात. मथळ्याला मोठी अक्षरं किंवा स्मॉल कॅप्स लावलेले असतील तर देवनागरीवर परिणाम शून्य. नुकसान नाही, पण साचा नमुन्यात दिसतो तसा दिसणार नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवणं मात्र नुकसानीचं. रोमन मथळ्याला ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते आणि 'कागद' हा 'का ग द' असा दिसू लागतो. अंतर शून्यावर आणा. तिरका टाइप टाळा, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टना खरा तिरका अवतार नसतो आणि सॉफ्टवेअर सरळ अक्षर नुसतं कलतं करतं. ओळीची उंची 'एक्झॅक्ट', म्हणजे ठरावीक मापाची, ठेवली असेल तर रफार, वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात, म्हणून पटीत उंची द्या. फॉन्टच्या मापाच्या दीडपटीच्या आसपास मथळा मोकळा श्वास घेतो. लांब नावाचा प्रश्नही इथेच येतो. पाच-सहा शब्दांपुढे नाव गेलं की मथळा दोन ओळींवर जातो, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव द्यायचं ठरवलं असेल तर तिथे मावत नाही. लांब मथळ्यांची कादंबरी असेल तर पानाच्या डोक्यावर कादंबरीचं नाव ठेवून मोकळं व्हावं.

नवीन पानावर वरून किती ओळी सोडून मथळा यावा हे 'न्यू पेजेस'च्या टॅबमध्ये ठरतं. नाव छापणार असाल तर मोकळी जागा नुसत्या आकड्यापेक्षा कमी ठेवा. आकडा एकटा असेल तर त्याला जागा लागते, दोन ओळींचा मथळा तेवढ्याच खाली ढकलला की मजकूर पानाच्या मध्यावर सुरू होतो.

ई-पुस्तकाची, म्हणजे ईपब फाइल काढली की आधी अनुक्रमणिका उघडा. मजकुरात काय छापलं आहे आणि अनुक्रमणिकेत काय उमटलं आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानावर 'कागद' छान दिसत असेल आणि अनुक्रमणिकेत 'थोरली सही करते, धाकट्याला पत्ता नाही' बसलं असेल, तर सगळी मेहनत पाण्यात. तसं दिसलं तर एकच भरवशाचा रस्ता: अंतिम प्रतीसाठी 'सेव्ह अ‍ॅज' करून प्रोजेक्टची स्वतंत्र नक्कल काढा, त्या नकलेत बाइंडरमधली नावंच छापील नावांनी बदला, लेआउटमध्ये शीर्षकाची टिक परत लावा आणि कस्टमची ओळ काढा. मूळ प्रोजेक्टात कामाची नावं सुरक्षित राहतात. ही नक्कल फक्त बाहेर काढण्यासाठी. तिच्यात दुरुस्त्या करत बसलात तर दोन हस्तलिखितं होतील.

उणिवा आहेतच. सर्वात मोठी म्हणजे संपादकाशी देवाणघेवाण. संपादक वर्डमध्ये काम करतो, कम्पाइल केलेली फाइल त्याच्याकडे जाते, तो प्रकरणाचं नाव बदलतो, दोन प्रकरणं एकत्र करतो. त्या दुरुस्त्या स्क्रिव्हनरमध्ये आपोआप परतत नाहीत. वर्डची फाइल पुन्हा आत घेतली तर ती नवी कागदपत्रं म्हणून येते, तुमच्या टिपा, मेटाडेटा, जुन्या प्रती यांच्याशी तिचा संबंध राहत नाही. म्हणून छापील नावांचा घोळ संपादकाकडे फाइल जाण्याआधी संपवावा. एकदा हस्तलिखित वर्डमध्ये गेलं की पुढचं सगळं काम वर्डमध्येच करावं. उगाच मागे-पुढे करू नये.

दुसरी उणीव प्रोजेक्टच्या स्वरूपाची. ही एक फाइल नसते, फायलींनी भरलेला फोल्डर असतो. विंडोजवर तो फोल्डरच दिसतो. क्लाउडवर ठेवून दोन यंत्रांवर एकाच वेळी उघडला, किंवा सिंक पूर्ण होण्याआधी दुसऱ्या यंत्रावर सुरू केला, की तुकडे मागेपुढे होतात आणि बाइंडरमधली नावं एका जागी, मजकूर दुसऱ्या जागी अशी अवस्था येऊ शकते. एका यंत्रावर बंद करा, सिंक संपू द्या, मगच दुसऱ्यावर उघडा. बंद करताना आपोआप होणारा झिप बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर वळवा आणि किती जुन्या प्रती ठेवायच्या तो आकडा वाढवून घ्या.

वर्डमध्ये हे जमतं का? निम्मं. हेडिंग स्टाइल लावली की नॅव्हिगेशन पेनमध्ये प्रकरणं दिसतात, ओढून हलवताही येतात, अनुक्रमणिका आपोआप बनते. पण तिथे कामाचं नाव आणि छापील नाव एकच. कामाचं नाव शीर्षकाला जोडलेल्या कॉमेंटमध्ये ठेवणं एवढाच मार्ग उरतो, आणि कॉमेंटची यादी म्हणजे कादंबरीचा आराखडा नव्हे. लिब्रेऑफिस रायटर मोफत आहे, त्याचा नॅव्हिगेटर एफ५ वर उघडतो आणि मथळ्यांसकट प्रकरणं वरखाली हलवतो. ज्यांना फक्त आकडेच छापायचे आहेत किंवा ज्यांचं पहिलं सुचलेलं नावच शेवटपर्यंत टिकतं, त्यांना रायटर पुरेसा आहे. त्यांनी स्क्रिव्हनर घेऊ नये.

घ्यावं ते अनेक निवेदकांची, काळ मागेपुढे नेणारी, तीस-चाळीस प्रकरणांच्या वरची कादंबरी लिहिणाऱ्यांनी, आणि मसुदे तीन-चारदा उलथेपालथे करण्याची सवय असणाऱ्यांनी. चाचणीच्या काळात नवं काही लिहायला घेऊ नका. पूर्ण झालेला एक जुना मसुदा आत घ्या, सगळ्या प्रकरणांना क्रियापदवाली कामाची नावं द्या, फक्त पाच प्रकरणांना छापील नावं द्या आणि तीच पाच प्रकरणं तीनदा कम्पाइल करा: एकदा नुसत्या आकड्यांनी, एकदा नुसत्या नावांनी, एकदा दोन्ही मिळून. तिन्ही प्रती छापून घ्या, पडद्यावर वाचू नका. तिसरी प्रत काढताना दुसरीपेक्षा निम्माही वेळ लागला नाही, तर कम्पाइलची खिडकी तुमच्या हाताला बसली असं समजा आणि परवाना घ्या. पाचही छापील नावं पाचव्या दिवशी पुन्हा वाचल्यावर नकोशी वाटली, तर त्या कादंबरीला आकडेच द्या.